ईबीपीएफमधलं ग्लोबल व्हेरिएबल: टाकलेली व्हॅल्यू दिसत नाही, काउंटर कमी येतो, एकाची माहिती दुसऱ्यात मिसळते, तेव्हा काय तपासायचं

हिंजवडी, बाणेर, खराडी, कुठल्याही ऑफिसातून फोन येऊ दे, ईबीपीएफ (लिनक्सच्या कर्नलमध्ये आपला छोटा प्रोग्राम चालवायची सोय, थोडक्यात बीपीएफ) नुकतं शिकलेल्या मुलामुलींचा प्रश्न फिरून फिरून तोच असतो. प्रोग्राम लोड होतो, व्हेरिफायर (लोडच्या वेळी प्रोग्राम सुरक्षित आहे का तपासणारा कर्नलचा भाग) काही बोलत नाही, हुकला (कर्नलमधली जिथे प्रोग्राम चालतो ती जागा) नीट जोडला जातो, पण यूझर स्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या आपल्या साध्या प्रोग्राममधून, ग्लोबल व्हेरिएबलमध्ये जी व्हॅल्यू टाकली ती कर्नलमधल्या प्रोग्रामला दिसतच नाही. किंवा आतला काउंटर बाहेर वाचला की खऱ्यापेक्षा कमी येतो, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे एका प्रोसेसचा पिड (नंबर) आणि भलत्याच प्रोसेसचं फाईलनेम एकाच ओळीत छापून येतं. मग लोक लॉजिक उलटसुलट करत बसतात, इफ टाकतात, इफ काढतात, प्रिंटचा पाऊस पाडतात, आणि संध्याकाळपर्यंत हाताला काही लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की लॉजिकला हात लावायच्या आधी ते व्हेरिएबल राहतं कुठे ते बघा. ऑब्जेक्ट फाईलच्या कुठल्या सेक्शनमध्ये (भागात) गेलंय, तुम्ही त्यात लोडच्या आधी लिहिताय का नंतर, आणि तुमच्याशिवाय त्यात अजून कोण कोण लिहितंय. या तिन्हीची उत्तरं मिळाली की बहुतेक केस तिथेच सुटते.

थोडं मागचं सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लिनक्स कर्नल ५.२ जुलै २०१९ मध्ये आला, त्याच्या आधी बीपीएफ प्रोग्राममध्ये साधं ग्लोबल व्हेरिएबल चालतच नव्हतं, एक आकडा ठेवायचा तरी हाताने मॅप (कर्नल आणि यूझर स्पेस दोघांना वापरता येणारा की आणि व्हॅल्यूचा साठा) बनवायचा, की द्यायची, लुकअप करायचा, नल तपासायचा. ५.२ पासून नेहमीच्या सी सारखं बाहेर व्हेरिएबल लिहिता येतं, पण आतून ते अजूनही मॅपच आहे बरं का. क्लँग हा कंपायलर नेहमीसारखी विभागणी करतो, सुरुवातीची व्हॅल्यू शून्य असेल तर डॉट बीएसएस, शून्य नसेल तर डॉट डेटा, कॉन्स्ट असेल तर डॉट आरओडेटा. आणि लिबबीपीएफ, म्हणजे यूझर स्पेसमधून प्रोग्राम लोड करणारी लायब्ररी, प्रत्येक सेक्शनसाठी एकच खण असलेला ॲरे मॅप बनवते, की शून्य आणि व्हॅल्यू म्हणजे ते अख्खं सेक्शन. तुमचं व्हेरिएबल म्हणजे त्या व्हॅल्यूतला एक ऑफसेट, बस. हे एकदा डोक्यात बसलं की खालचं सगळं आपोआप उलगडतं.

म्हणून पहिली कमांड नेहमी बीपीएफटूल (बीपीएफची माहिती दाखवणारं कमांड लाइन टूल) मॅप लिस्ट. तिथे तुमच्या ऑब्जेक्टच्या नावाची पहिली आठ अक्षरं आणि पुढे सेक्शनचं नाव अशी एंट्री दिसेल, तिचा आयडी घ्या आणि मॅप डम्प करा. प्रोग्राम डॅश जी देऊन कंपाईल केला असेल तर बीटीएफमुळे (प्रोग्रामसोबत जाणारी टाइपची माहिती) प्रत्येक व्हेरिएबल नावासकट आणि आत्ताच्या व्हॅल्यूसकट छापून येतं. आयडीनेच डम्प करा, नावाने नको, कारण मॅपच्या नावाला पंधरा अक्षरांची मर्यादा आहे आणि एकाच टीममधल्या दोन टूल्सची पहिली आठ अक्षरं सारखी असतात, मग माणूस भलत्याच टूलचा बीएसएस बघून चक्रावतो. हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

आता पहिली तक्रार, व्हॅल्यू टाकली तरी दिसत नाही. बाणेरहून एका मुलीने डम्प पाठवला होता, म्हणाली दादा टार्गेट पिड बाहेरून सेट करतेय, डम्पमध्ये पण बरोबर दिसतोय, तरी प्रोग्राम फिल्टरच करत नाही, सगळ्या प्रोसेस येतायत. तिला म्हटलं डिक्लरेशन वाचून दाखव, तर नुसतं कॉन्स्ट इंट आणि पुढे ‘= ०’. इथेच गोम आहे. कंपायलरला दिसतं की हे कॉन्स्ट आहे आणि शून्य आहे, म्हणजे कायम शून्यच राहणार, मग तो मेमरीतून वाचायची तसदी कशाला घेईल, तो तिथे थेट शून्य लिहितो आणि फिल्टरची अख्खी फांदी उडवून टाकतो. मॅपमध्ये तुम्ही काहीही भरा, वाचणारी इन्स्ट्रक्शनच उरलेली नाही. उपाय म्हणजे कॉन्स्ट व्होलटाइल लिहायचं, मग कंपायलर प्रत्येक वेळी खरोखर वाचतो. खात्री करायची असेल तर एलएलव्हीएम ऑब्जडम्पने डिसअसेंब्ली काढा आणि त्या जागी लोड इन्स्ट्रक्शन आहे का बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

व्होलटाइल लावलं तरी वेळ चुकली तर काम होत नाही. आरओडेटा मॅप लोडच्या वेळी गोठवला जातो, त्यामुळे स्केलेटन (बीपीएफटूलने तुमच्या ऑब्जेक्टवरून बनवून दिलेली हेडर फाईल) वापरताना क्रम ठरलेला आहे, आधी ओपन, मग स्केलेटनच्या आरओडेटात व्हॅल्यू, मग लोड, मग अटॅच. पुष्कळ उदाहरणांमध्ये ओपन आणि लोड एकत्र करणारं एकच फंक्शन वापरलेलं असतं, ते कॉपी केलं की मधे व्हॅल्यू भरायला जागाच उरत नाही, आणि नंतर भरायला गेलं की यूझर स्पेसचा प्रोग्राम सेगफॉल्ट देऊन पडतो कारण ती मेमरी आता फक्त वाचण्यासाठी मॅप केलेली असते. लोकांना वाटतं पॉइंटर खराब झाला, व्हॅलग्राइंड लावतात. अहो पॉइंटर ठीक आहे, तिथे लिहायला परवानगी नाही एवढंच.

आणि हे गोठवणं फायद्याचंच आहे. गोठवलेल्या मॅपमधली व्हॅल्यू बदलणार नाही हे व्हेरिफायरला ठाऊक असतं म्हणून तो ती पक्का आकडा म्हणून धरतो आणि कधीच न चालणारी फांदी काढून टाकतो. म्हणजे एखादं हेल्पर फंक्शन जुन्या कर्नलवर नसेल तर तो भाग आरओडेटातल्या फ्लॅगच्या आड ठेवता येतो, फ्लॅग शून्य असला की व्हेरिफायर तिकडे बघत पण नाही. चालू असताना बदलायची सेटिंग असेल तर मात्र कॉन्स्ट काढा, ती बीएसएस किंवा डेटात जाऊ द्या.

खराडीच्या एका मित्राची केस वेगळी होती. त्याच्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित, सर्व्हरवर टाकलं की लोड झाल्यावर पहिल्याच काउंटर वाचनाला सेगफॉल्ट. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, म्हणजे कर्नल ५.१५. सर्व्हरवर २०.०४ आणि त्याच्यासोबत आलेला मूळ ५.४. आता ५.४ मध्ये ग्लोबल व्हेरिएबल आहेत, पण ॲरे मॅपला एममॅप करायची, म्हणजे थेट यूझर स्पेसच्या मेमरीत आणायची, सोय ५.५ मध्ये आली. त्यामुळे ५.४ वर लोड झाल्यावर लिबबीपीएफ स्केलेटनमधला बीएसएसचा पॉइंटर नल करून टाकते. लोडच्या आधी तोच पॉइंटर चांगला असतो, सुरुवातीची व्हॅल्यू भरता येते, म्हणून अजून गोंधळ होतो. अशा मशीनवर मॅप लुकअपने की शून्यची व्हॅल्यू मागवायची, अख्खं सेक्शन हातात येतं, त्यातून आपलं व्हेरिएबल काढायचं. वाचायला हे ठीक, लिहायला मात्र सांभाळून, कारण एक फ्लॅग बदलायला अख्खं सेक्शन वाचून अख्खं परत लिहावं लागतं आणि तेवढ्या वेळात कर्नलने जे काउंटर वाढवले ते तुमच्या जुन्या कॉपीने पुसले जातात. त्यामुळे जुन्या कर्नलवर बाहेरून बदलायच्या सेटिंग वेगळ्या साध्या मॅपमध्ये ठेवा, काउंटरच्या शेजारी नको.

कर्नलच्या आकड्यावर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ चा कर्नल ४.१८ दिसतो पण त्यात बीपीएफचं बरंच काही नव्या कर्नलमधून मागे आणलेलं आहे. लिबबीपीएफ म्हणूनच व्हर्जन न बघता प्रत्यक्ष करून बघते की अमुक सोय आहे का, तुम्ही पण तसंच करा. खरोखर सोय नसेल तर लोडच्या वेळी लॉगमध्ये स्पष्ट येतं की कर्नल ग्लोबल डेटा सपोर्ट करत नाही. तो लॉग वाचा हो, लोक लिबबीपीएफचं प्रिंट कॉलबॅक बंद करून ठेवतात आणि मग अंधारात चाचपडतात.

दुसरी तक्रार, काउंटर कमी येतो. ग्लोबल व्हेरिएबलची एकच कॉपी असते आणि हुक सगळ्या सीपीयूवर एकाच वेळी चालतो. काउंटर प्लस प्लस लिहिलं की वाचा, एक मिळवा, परत लिहा अशा तीन पायऱ्या होतात, दोन सीपीयूंनी एकाच वेळी शंभर वाचलं तर दोघंही एकशे एक लिहितात आणि एक इव्हेंट गायब. टेस्ट करताना हे दिसत नाही कारण टेस्टला मशीनवर ताण कमी असतो, प्रॉडक्शनला सिसकॉलच्या एंट्रीला लावलं की फरक डोळ्यात भरतो. कंपायलरचं सिंक फेच अँड ॲड हे फंक्शन वापरा, बीपीएफसाठी कंपाईल करताना त्याची एक ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन बनते. दोन अटी लक्षात ठेवा, व्हेरिएबल चार किंवा आठ बाइटचं हवं, आणि त्याची परत आलेली जुनी व्हॅल्यू वापरणार असाल तर कर्नल ५.१२ किंवा पुढचा आणि क्लँगला सीपीयू व्ही३ सांगावं लागतं. नुसतं वाढवायचं असेल तर जुन्यावरही चालतं.

पण खूप गरम रस्ता असेल, म्हणजे नेटवर्कचं प्रत्येक पॅकेट किंवा शेड्यूलरचा प्रत्येक स्विच, तर सगळे सीपीयू एका कॅशलाइनसाठी (सीपीयूच्या कॅशमधल्या एका तुकड्यासाठी) भांडतात आणि ॲटॉमिकने आकडा बरोबर येतो पण मशीन मंदावतं. तिथे पर सीपीयू ॲरे मॅपच बरा, प्रत्येक सीपीयू आपापला काउंटर वाढवतो आणि बेरीज यूझर स्पेसमध्ये. बाहेर वाचताना बफर चालू सीपीयूंच्या संख्येइतका घेऊ नका, पॉसिबल सीपीयूंच्या संख्येइतका घ्या, लिबबीपीएफमध्ये त्यासाठी फंक्शन आहे, आणि प्रत्येक व्हॅल्यू आठ बाइटच्या पटीत येते. व्हर्च्युअल मशीनवर चालू चार आणि पॉसिबल कितीतरी जास्त असं सर्रास असतं, बफर लहान पडला की कर्नल त्याच्या पलीकडे लिहितो आणि तुमच्या यूझर स्पेसच्या स्टॅकचा चुराडा होतो.

आता ती तिसरी, माहिती मिसळण्याची, आणि हिच्यावर मला जास्त बोलायचंय कारण ही चूक दिसत नाही आणि हिच्यावरून चुकीचे निष्कर्ष काढले जातात, सिक्युरिटीच्या कामात तर कुणावर तरी नाहक संशय घेतला जातो. होतं काय, बीपीएफचा स्टॅक फक्त ५१२ बाइटचा. इव्हेंटच्या स्ट्रक्टमध्ये पूर्ण पाथ ठेवायचा म्हटलं की तेवढ्यात मावत नाही, व्हेरिफायर नाही म्हणतो. मग कुणीतरी सुचवतं की स्ट्रक्ट ग्लोबल कर, आणि खरंच लोड होतो, आउटपुट पण येतं, सगळे खूश. पण तो एकच स्ट्रक्ट आठ सीपीयू एकाच वेळी भरतायत. पहिल्याने पिड भरला, तेवढ्यात दुसऱ्याने स्वतःचा पाथ भरला, आणि पहिल्याने ते सगळं मिळून पाठवून दिलं. लॉगमध्ये दिसतं की बॅकअपच्या प्रोसेसने पासवर्डची फाईल उघडली, प्रत्यक्षात तिने तसं काही केलेलं नसतं. ॲटॉमिक इथे कामाचं नाही, ते एका आकड्यापुरतं.

कर्नल ५.८ किंवा पुढचा असेल तर रिंग बफर (इव्हेंट यूझर स्पेसला पाठवायची रांग) वापरा, त्यात रिझर्व्ह केलं की फक्त तुमच्यासाठी जागा मिळते, तिथेच भरा आणि सबमिट करा, मधला स्ट्रक्ट लागतच नाही. त्याच्या मागचा कर्नल असेल तर एका खणाचा पर सीपीयू ॲरे घ्या आणि त्यात स्ट्रक्ट ठेवा. हा दोष तुमच्याकडे आहे का हे तपासायचं असेल तर सोपी युक्ती, इव्हेंटच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे पिड टीजीआयडी (थ्रेड आणि प्रोसेसचा एकत्र नंबर) भरा आणि बाहेर दोन्ही जुळतात का बघा, मशीनवर मेक डॅश जे देऊन मोठं कंपाइलेशन लावा म्हणजे सगळे सीपीयू कामाला लागतात. एकदा जरी जुळलं नाही तरी रोग सापडला. सगळे जुळले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कोड वाचून ठरवा.

आता एक प्रकार जो फार कमी लोकांना माहीत असतो. ग्लोबल ॲरे घेतला चौसष्ट खणांचा, इंडेक्स तपासला पण लहान (<) च्या ऐवजी लहान किंवा बरोबर (<=) लिहिलं. सगळ्यांची समजूत असते की व्हेरिफायर हे पकडेलच, तो तर एवढा कडक. पण आठवा, मॅपची व्हॅल्यू म्हणजे अख्खं बीएसएस. पेठेतल्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यावरचा राखणदार कसा, बाहेरचा माणूस आत सोडणार नाही पण आत आलेला कुणाच्या बिऱ्हाडात शिरला ते बघणार नाही, तसं व्हेरिफायर फक्त एवढंच बघतो की तुम्ही सेक्शनच्या बाहेर जात नाही ना. पासष्टावा खण म्हणजे शेजारचं व्हेरिएबल, आणि तिथे जर तुमचा चालू बंदचा फ्लॅग असेल तर ट्रेसिंग अवेळी बंद पडतं आणि कुणाला कारण कळत नाही. अजून गंमत म्हणजे तोच ॲरे सेक्शनच्या शेवटी आला तर व्हेरिफायर लगेच मॅप व्हॅल्यूचा इनव्हॅलिड ॲक्सेस म्हणून नाकारतो. म्हणजे नवीन व्हेरिएबल घातलं की एरर जाते, काढलं की येते, असं काही दिसलं तर समजा की इंडेक्स बाहेर जातोय. ऑब्जडम्पच्या सिंबॉल टेबलमध्ये ऑफसेट बघा, शेजारी कोण आहे ते लगेच कळतं.

ॲरेची साइज दोनच्या घातात ठेवा आणि इंडेक्सला साइज वजा एकने मास्क करा, मला हेच सगळ्यात भरवशाचं वाटतं. इफने तपासलं तर कधीकधी कंपायलर एका रजिस्टरवर तपासणी करतो आणि दुसऱ्या रजिस्टरने ॲक्सेस करतो, मग तपासलेलं असूनही व्हेरिफायर अनबाउंडेड मेमरी ॲक्सेस म्हणतो. मास्क ॲक्सेसच्या अगदी लगत ठेवा, तरी कंपायलरने हलवलं तर त्याला अडवायला बॅरियर व्हार हा मॅक्रो आहे.

बाकीचे बारीक मुद्दे भराभर सांगतो. ग्लोबल कॅर पॉइंटरला स्ट्रिंग देऊन ठेवू नका, डेटा सेक्शनमधलं रिलोकेशन लिबबीपीएफ सोडून देते, लॉगमध्ये स्किपिंग रिलो अशी ओळ येते आणि पॉइंटर रिकामाच राहतो, त्यापेक्षा ठराविक लांबीचा कॅर ॲरे घ्या. ३२ बिट एआरएम बोर्डवर चालवायचं असेल तर ग्लोबलमध्ये लाँग वापरू नका, बीपीएफमध्ये तो आठ बाइटचा आणि तिथल्या यूझर स्पेसमध्ये चारचा, पुढची सगळी व्हेरिएबल सरकतात, यू६४ लिहा. जुना क्लँग असेल तर व्हेरिएबलला ‘= ०’ स्पष्ट लिहा, नाहीतर ते बीएसएसऐवजी कॉमन नावाच्या निराळ्या भागात जातं, क्लँग ११ पासून हा त्रास नाही. स्टॅटिक लिहिलं तर नव्या बीपीएफटूलच्या स्केलेटनमध्ये ते येत नाही, मग मेंबर नाही अशी कंपाईल एरर येते, स्टॅटिक काढलं की झालं. दोन वेगवेगळे ऑब्जेक्ट लोड केले तर दोघांचं बीएसएस वेगळं, नाव सारखं असलं म्हणून व्हेरिएबल एक होत नाही, एक करायचं असेल तर बीपीएफटूल जेन ऑब्जेक्टने लिंक करा किंवा पिन केलेला (फाईलसारखं नाव देऊन टिकवलेला) मॅप वापरा. आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली की नवीन लोड, नवीन मॅप, काउंटर शून्य, त्यात बिघाड काही नाही, टिकवायचे असतील तर मॅप पिन करून पुढच्या लोडला तोच परत वापरा.

यूझर स्पेसच्या बाजूचं एक राहिलं. बीएसएसमधला डन फ्लॅग कधी एक होतो याची वाट बघत रिकामा व्हाइल लूप फिरवला तर ऑप्टिमायझेशन चालू असताना कंपायलर तो फ्लॅग एकदाच वाचतो आणि लूप कधीच थांबत नाही. आत स्लीप किंवा प्रिंट टाकलं की चालायला लागतं म्हणून लोकांना वाटतं टायमिंगचा प्रश्न आहे. व्होलटाइल पॉइंटरमधून वाचा, आणि जमलं तर असा लूपच नको, रिंग बफरवर पोल करा.

एवढं करून पण अडलात तर विचारताना या गोष्टी सोबत द्या म्हणजे समोरच्याला उलट प्रश्न विचारत बसावं लागत नाही: यूनेम डॅश आरचं आउटपुट आणि डिस्ट्रो, क्लँग आणि लिबबीपीएफचं व्हर्जन, त्या व्हेरिएबलची डिक्लरेशनची ओळ जशीच्या तशी, ओपनपासून अटॅचपर्यंतचा यूझर स्पेसचा तुकडा, लिबबीपीएफचा डीबग लॉग, आणि प्रोग्राम चालू असताना थोड्या अंतराने घेतलेले मॅपचे दोन डम्प. फोटो पाठवू नका, टेक्स्टच पाठवा, फोटोमधला ऑफसेट वाचता येत नाही.